अनुभवाचा रकाना रिकामा नव्हता: रसायनशास्त्राच्या एका पदवीधर विद्यार्थिनीच्या पहिल्या सीव्हीचे प्रकरण

पार्श्वभूमी

फलटण तालुक्यातील एका गावात राहणारी ही विद्यार्थिनी २०२४ च्या उन्हाळ्यात रसायनशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी. झाली. निकालानंतरच्या चार-पाच महिन्यांत तिने कुरकुंभ आणि शिरवळ परिसरातील औषध व रसायन कंपन्यांकडे वीस-पंचवीस ठिकाणी सीव्ही पाठवला. काही ईमेलने, तर बरेचसे तेथे आधीपासून कामाला असलेल्या ओळखीच्या मुलांकरवी व्हॉट्सॲपवर. तिला हवे असलेले पद एकच होते: गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे सगळे ज्याला क्यूसी म्हणतात तेथे, ट्रेनी केमिस्ट. एकाही ठिकाणाहून बोलावणे आले नाही. घरून एम.एस्सी.ला प्रवेश घे किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी कर, असा आग्रह सुरू झाला होता आणि अनुभव नसल्यामुळे आपला सीव्ही कोणी उघडूनही पाहत नसावे, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

महाविद्यालयात विद्यार्थ्यांना नोकरीविषयी मार्गदर्शन करण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने हे प्रकरण समोर आले. तिची ओळख उघड होऊ नये म्हणून गाव, संस्था आणि कंपन्या यांची नावे दिलेली नाहीत व काही बारीकसारीक तपशील बदललेले आहेत. सीव्ही इंग्रजीत होता. त्यातील मजकुराचा आशय येथे मराठीत दिला आहे. तिने या लेखनाला संमती दिली आहे.

पहिला मसुदा

पहिला सीव्ही अडीच पानांचा होता आणि चारही बाजूंनी नक्षीदार चौकट असलेल्या वर्ड फाइलमध्ये होता. मोबाइलवर उघडताच ती चौकट विस्कटत असे आणि गुणांचा तक्ता पानाबाहेर जात असे. औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या कंपनीत असे अर्ज प्रथम पाहणारी व्यक्ती बहुधा मोबाइलवरच पाहते. त्यामुळे वाचण्याआधीच अर्धे नुकसान झालेले होते. फाइलचे नाव ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ असे होते. ही मूळ फाइल संगणकशास्त्र शाखेच्या एका वरिष्ठ विद्यार्थ्याकडून आलेली होती, म्हणून सुरुवातीच्या उद्दिष्टात आव्हानात्मक वातावरणात काम करून नवनवीन तंत्रज्ञानाच्या साहाय्याने संस्थेच्या प्रगतीस हातभार लावण्याची इच्छा व्यक्त झाली होती. ते वाक्य कोणत्याही शाखेच्या कोणत्याही पदवीधराच्या नावाखाली चालले असते.

त्याखाली जवळजवळ अर्धे पान वैयक्तिक माहिती होती: वडिलांचे पूर्ण नाव व व्यवसाय, आईचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, रक्तगट. असे कागद आपल्या घरांमध्ये तयार होतात ते प्रामुख्याने लग्न जुळवण्यासाठी आणि तेथे कुटुंबाची ओळख हाच माहितीचा गाभा असतो. तेच रकाने नोकरीच्या कागदावर उतरतात, यात त्या मुलांचा दोष नाही, कारण दुसरा नमुना त्यांनी पाहिलेलाच नसतो. मात्र क्यूसी विभागाच्या प्रमुखाला यातील एकही गोष्ट निर्णयासाठी उपयोगी पडत नाही. जात आणि धर्म तर खासगी नोकरीच्या सीव्हीवर येऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षणाच्या तक्त्यात बारावीचे ९१ टक्के ठळक अक्षरांत होते. २०२१ साली महाराष्ट्रात बारावीची लेखी परीक्षा झाली नाही. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के भार धरून निकाल लागला. नेमणूक करणाऱ्यांना हे ठाऊक असते आणि त्या तुकडीच्या बारावीच्या गुणांवर ते फारसे अवलंबून राहत नाहीत. गुण लिहावेत, पण ठळक करावे ते पदवीचे. पदवीचा सीजीपीए गुणपत्रिकेवर जसा आहे तसाच, दहापैकी किती हे नोंदवून लिहावा. स्वतःच्या हिशेबाने त्याची टक्केवारी काढू नये, कारण रूपांतराची सूत्रे विद्यापीठागणिक वेगळी असतात. दुसऱ्या सत्रात भौतिकशास्त्राच्या एका पेपरला तिला एटीकेटी लागली होती व पुढच्या खेपेस तो पेपर सुटला होता. याचा उल्लेख करावा का, असे तिने फार संकोचाने विचारले. सीव्हीवर तो करण्याचे कारण नाही. मात्र कंपनीच्या छापील अर्जात तसा रकाना असेल तर तेथे खरे तेच लिहायचे, एवढे ठरवले.

कौशल्यांच्या यादीत मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारी, संघभावना असलेली अशी विशेषणे होती आणि त्यांच्याच रांगेत ‘एचपीएलसी, जीसी हाताळणी’ असे शब्द होते (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारी ही द्रव व वायू क्रोमॅटोग्राफीची उपकरणे). अनुभवासमोर एकच शब्द होता: ‘फ्रेशर’. शेवटी छंद म्हणून वाचन, प्रवास व संगीत, आणि वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे, असे स्वाक्षरीसह प्रतिज्ञापत्र.

यानंतर तिने मोबाइलवरील एका एआय ॲपकडून दुसरा मसुदा करून घेतला होता. तो दिसायला कितीतरी सुबक होता, इंग्रजी निर्दोष होते आणि त्यातील निम्म्या शब्दांचे अर्थ तिला सांगता येत नव्हते. मला यातील खरी अडचण भाषेची वाटली नाही. वरिष्ठ विद्यार्थ्याच्या फाइलला किंवा त्या ॲपला तिने जे सांगितलेच नव्हते, ते त्यात येणार कोठून?

जे लिहिलेच नव्हते

सीव्ही बाजूला ठेवून तिला तिचा दिवस सकाळपासून सांगायला सांगितले. गेली तीन वर्षे ती गावातल्या सहकारी दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर रोज सकाळी साधारण दोन तास टेस्टरचे काम करत होती, हे तेव्हा कळले. हे सीव्हीत का नाही, या प्रश्नावर तिचे उत्तर होते, “सर, ते दुधाचं काम आहे, त्यात केमिस्ट्री कुठे आली?”

या उत्तरापाशी थांबणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण प्रकरणाचा निकाल येथे लागतो. त्या केंद्रावर रोज सकाळी साठ-पासष्ट उत्पादक दूध घालतात. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेऊन यंत्रावर फॅट आणि एसएनएफ मोजायचे, म्हणजे स्निग्धांश आणि त्याव्यतिरिक्तचे घन पदार्थ. त्यावरून दर ठरतो. गाईच्या दुधाचा मूळ भाव राज्यात सामान्यतः ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो आणि त्याहून पॉइंट खाली आला की लिटरमागे कपात होते. दर दहा दिवसांनी निघणारा दुधाचा पगार या आकड्यांवर चालतो. त्यामुळे मापनातील चूक म्हणजे कोणाच्या तरी घरातले पैसे. कॅन काही वेळ उभा राहिला की स्निग्धांश वर येतो, म्हणून नमुना घेण्यापूर्वी दूध नीट ढवळून घ्यावे लागते, नाहीतर वरचा नमुना जास्त आणि तळाचा कमी दाखवतो. हे तिला कोणत्याही पुस्तकात न वाचता माहीत होते. नमुना हा संपूर्ण मालाचे प्रतिनिधित्व करणारा असावा, हे विश्लेषणाच्या शास्त्रातील पहिल्या काही धड्यांपैकी एक आहे. काम संपल्यावर यंत्र धुणे, ठरलेल्या दिवशी माहीत असलेल्या नमुन्यावर त्याचे वाचन तपासणे, आकडे जुळले नाहीत तर शीतकरण केंद्राला कळवणे, हेही तीच करत होती. एखाद्या उत्पादकाने फॅट कमी आल्याची तक्रार केली तर त्याच्यासमोर तोच नमुना पुन्हा लावून दोन्ही वाचने वहीत नोंदवायची, असा त्या केंद्राचा शिरस्ता होता.

नमुना घेणे, उपकरणाची पडताळणी, फेरतपासणी, जागच्या जागी नोंद. औषध कंपनीतील क्यूसी विभागाचा दिवस याच क्रियांचा असतो. तेथील उपकरणे आणि नियम अधिक कडक असतात इतकेच. ट्रेनी नेमणाऱ्या माणसाला या मुलीने कंटाळवाणे मोजमाप तीन वर्षे रोज, वेळेवर आणि लोकांच्या तक्रारींना सामोरे जाऊन केले आहे, हे कळले तर त्याला आणखी बरेच काही विचारावेसे वाटेल. ‘फ्रेशर’ या शब्दाने ही सगळी माहिती झाकून टाकली होती.

हे काम कागदावर कसे उतरवायचे, यावर बराच विचार झाला. ‘क्वालिटी ॲनालिस्ट’ असे भारदस्त पदनाम लावण्याची सूचना तिच्या मैत्रिणीने केली होती. ती आम्ही स्वीकारली नाही. ‘टेस्टर (अर्धवेळ), गावची दूध उत्पादक सहकारी संस्था’ असे खरे पदनाम, कालावधी आणि त्याखाली तीन ओळी ठरल्या: रोज सुमारे साठ नमुन्यांचे फॅट व एसएनएफ यंत्रावर मोजणे व नोंदवणे, यंत्राची स्वच्छता आणि ठरावीक पडताळणी, वादग्रस्त नमुन्याची उत्पादकासमोर फेरतपासणी. संस्थेच्या सचिवांनी लेटरहेडवर चार ओळींचे पत्रही लगेच दिले. निकालापासूनचे रिकामे महिने कसे समजावून सांगायचे, ही तिची दुसरी चिंता यामुळे आपोआप मिटली, कारण ते महिने रिकामे नव्हतेच.

दुसरी न लिहिलेली गोष्ट अधिक नाजूक होती. द्वितीय वर्षात तिने ‘कमवा आणि शिका’ योजनेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले होते: काचसामान धुणे, बाटल्यांना लेबले लावणे, डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवणे, स्टॉक रजिस्टर लिहिणे. घरची परिस्थिती उघड होईल म्हणून तिने ते टाळले होते. ज्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण ही कल्पना वसतिगृहांपासून महाविद्यालयापर्यंत नेली, त्याच जिल्ह्यातील मुलीला या योजनेचे नाव लिहिताना कमीपणा वाटावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. असे वाटण्याला आपण मोठी माणसे जबाबदार आहोत, कारण अशा कामाकडे आपण गरज म्हणून पाहतो आणि त्यातील शिस्त नोंदवत नाही. अभिकर्मकाच्या (प्रयोगात वापरायच्या रसायनाच्या) बाटलीवर नाव, तीव्रता आणि तयार केल्याची तारीख लिहिण्याची सवय असलेला ट्रेनी कोणत्याही प्रयोगशाळेला हवा असतो. ही नोंद दोन ओळींत आली. त्यात घरच्या परिस्थितीचा उल्लेख नव्हता आणि तो असण्याची गरजही नव्हती.

तिच्याच वर्गातील काही मुले त्या वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून शासकीय कार्यालयांत सहा महिन्यांसाठी लागली होती. त्यांचेही सीव्ही पाहिले. बहुतेकांनी योजनेचे नाव आणि विद्यावेतन लिहून पुढे जागा सोडली होती. तेथे कोणते दाखले तयार केले, कोणत्या प्रणालीत नोंदी केल्या, दिवसाला साधारण किती अर्ज हाताळले, हे कोणीच लिहिले नव्हते.

प्रकल्पाची एक ओळ

तृतीय वर्षाचा प्रकल्प पहिल्या सीव्हीत ‘पाण्याच्या नमुन्यांचे विश्लेषण’ एवढ्याच शब्दांत संपला होता. विचारल्यावर जे बाहेर आले ते असे: चार जणांच्या गटाने तीन गावांतील अठरा विहिरींचे पाणी आणले, एकूण कठिणता (पाण्याचा जडपणा) काढण्याचे काम पूर्णपणे हिच्याकडे होते. अमोनिया बफरने सामू (पीएच) १० च्या आसपास ठेवून, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकून ईडीटीए या रसायनाच्या द्रावणाने अनुमापन (टायट्रेशन). द्राक्षारसासारखा लालसर रंग जाऊन स्वच्छ निळा आला की अंत्यबिंदू. प्रत्येक नमुन्याची तीन जुळणारी वाचने मिळेपर्यंत ती थांबत नसे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात एकूण कठिणतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. अठरापैकी अकरा विहिरी पहिल्या मर्यादेच्या वर निघाल्या.

नव्या सीव्हीत याच्या तीन ओळी झाल्या आणि त्यात गटाचे काम व तिचे स्वतःचे काम वेगळे दाखवले. हा भेद फार महत्त्वाचा आहे. गटातील चौघांनीही ‘प्रकल्प केला’ असे लिहिले तर मुलाखत घेणारा प्रत्येकाला सगळ्याबद्दल विचारतो आणि ज्याने फक्त अहवाल टाइप केला तो अडखळतो. उलट ‘माझ्याकडे कठिणता होती’ असे लिहिणाऱ्याला नेमके तेच विचारले जाते. पहिल्या नोकरीचा सीव्ही हा मुलाखतीतील प्रश्न स्वतः निवडण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग आहे, असे मी मानतो.

एचपीएलसीचा प्रश्न

एचपीएलसी हे उपकरण तिने औद्योगिक भेटीत काचेपलीकडून पाहिले होते. जीसीबद्दल तर फक्त वर्गात ऐकले होते. सगळेच लिहितात, लिहिले नाही तर सीव्ही चाळणीतच अडकतो, असा तिचा युक्तिवाद होता आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. काही कंपन्या खरोखरच हा शब्द शोधतात. तरीही तो दावा काढण्याचा मी आग्रह धरला. मोबाइल फेज (नमुना वाहून नेणारा द्रव) काय होता, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) कोणता वापरला, या दोन साध्या प्रश्नांत तो दावा उघडा पडतो. त्याहून गंभीर बाब अशी की औषध उद्योगाच्या क्यूसी विभागात नोंदीची विश्वासार्हता हीच नोकरी असते. तेथे चुकलेला आकडा खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर एकच रेघ मारून शेजारी योग्य आकडा, सही व तारीख घालतात, म्हणजे चूकही वाचता येते. न केलेले काम केले म्हणून लिहून त्याखाली सत्यतेच्या प्रतिज्ञेवर सही करणारी व्यक्ती त्या विभागात पहिल्याच दिवशी नको असते.

शेवटी ओळ अशी ठरली: ‘एचपीएलसी: तत्त्व व मुख्य भाग माहीत आहेत, औद्योगिक भेटीत प्रत्यक्ष पाहिले आहे’. शब्द राहिला, दावा गेला. प्रत्यक्ष हाताळलेली उपकरणे मात्र वेगळ्या ओळीत आली: सामूमापक, कंडक्टोमीटर, कलरीमीटर, पोटेन्शिओमीटर, अंकीय तराजू. पहिल्या मसुद्यात यातील एकही नव्हते, कारण महाविद्यालयात रोज वापरलेल्या गोष्टी तिला मोजण्यासारख्या वाटल्या नव्हत्या. तिने मग त्या शनिवार-रविवारी एचपीएलसीचा अभ्यास मन लावून केला.

नवा सीव्ही

बाकीचे बदल फार वेळ न घेता झाले. एक पान, साधा फॉन्ट, पीडीएफ, फाइलला तिचे नाव व पद. उद्दिष्टाऐवजी दोन ओळी: शिक्षण, कोणते पद हवे आहे, बारामती-दौंड परिसरात राहण्याची आणि पाळीत काम करण्याची तयारी. ही शेवटची बाब फलटणकडून अर्ज करणाऱ्या मुलीसाठी निर्णायक असते, कारण रोज ये-जा करेल का आणि किती दिवस टिकेल, ही शंका कंपनीच्या मनात असतेच. क्रम असा ठेवला: काम, प्रकल्प, शिक्षण, उपकरणे, एमएस-सीआयटी, राष्ट्रीय सेवा योजना. लाडाच्या नावाचा ईमेल पत्ता बदलला. छंद गेले. प्रतिज्ञापत्रही गेले, जाहिरातीत मागितले असेल तेथेच ते जोडायचे ठरले. इंग्रजी वाक्ये तिने स्वतः लिहिली आणि मी फक्त व्याकरण पाहिले, त्यामुळे ती थोडी ओबडधोबड राहिली, पण त्यातील प्रत्येक शब्दावर तिला बोलता येत होते.

पुढे काय झाले

हा सीव्ही तिने निवडक दहा-बारा ठिकाणी पाठवला. प्रत्येक वेळी जाहिरात वाचून पहिल्या दोन ओळी बदलल्या आणि ईमेलच्या मजकुरात तीन-चार वाक्ये लिहिली, कोरा ईमेल पाठवला नाही. दोन बोलावणी आली. पहिल्या ठिकाणी एम.एस्सी. किंवा क्यूसीचा अनुभवच हवा होता. तेथील बोलणे लवकर संपले. कोणताही सीव्ही ती अट बदलू शकला नसता.

दुसऱ्या ठिकाणी आधी मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी आणि द्रावणे विरल करण्याच्या गणितांची लेखी चाचणी झाली. मुलाखतीत विभागप्रमुखांनी सर्वाधिक वेळ दूध केंद्रावर घालवला. एखाद्याने आकडा मान्य केला नाही तर काय करायचीस, दोन वाचनांत फरक आला तर कोणते धरायचे, यंत्र बिघडलेले आहे हे कसे ओळखायचीस, असे ते प्रश्न होते. एचपीएलसी हाताळले आहे का, या प्रश्नाला तिने नाही म्हटले. मग तत्त्व विचारले गेले आणि ते तिने सांगितले. तिची एक वर्षासाठी पदवीधर अप्रेंटिस म्हणून निवड झाली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार पदवीधरांना तेव्हा किमान ९,००० रुपये विद्यावेतन होते. कंपनीने त्याहून थोडे जास्त देऊ केले. खोलीभाडे आणि मेस वजा जाता हाती फारसे उरत नाही, हा घरच्यांचा आक्षेप रास्त होता. प्रयोगशाळेतले एक वर्ष पदरात पडेल, या हिशेबाने तिने ते स्वीकारले.

तिच्याच वर्गातील आणखी दोन मुलींचे सीव्ही याच पद्धतीने तयार झाले. त्यांतील एकीला अजून बोलावणे आलेले नाही. जागा किती निघतात, ओळखीने किती भरल्या जातात आणि मुलींसाठी राहण्याची सोय आहे का, यावर बरेच अवलंबून असते आणि ते कागदाच्या हाताबाहेरचे आहे.

अप्रेंटिसशिपचे वर्ष संपण्यापूर्वी पुढचा सीव्ही तयार ठेवायचा आहे. त्यासाठी तिने आतापासून एका वहीत कोणत्या चाचण्या, कोणत्या उपकरणावर, कोणाच्या देखरेखीखाली केल्या, हे आठवड्याला टिपायला सुरुवात केली आहे. कंपनीची गोपनीय माहिती, उत्पादनांची नावे आणि आकडे त्यात घ्यायचे नाहीत, हेही तिला सांगितले आहे. नव्या आवृत्तीत दूध केंद्राच्या तीन ओळींची एक होईल, प्रकल्पाचीही एकच राहील आणि दहावीचे गुण निघून जातील.